फॉर्म एका ब्राउझरमध्ये चालतो, दुसऱ्यात अडतो: नेमकं कुठे बघायचं

जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर इकडे आपल्यासारखी जी छोटी डेव्हलपर मंडळी आहेत त्यांचं निम्मं काम फॉर्मचंच असतं. केळीच्या गाडीचं बुकिंग, जिनिंगवाल्याची कापूस नोंदणी, कॉलेजचा प्रवेश, पतसंस्थेचा अर्ज. आणि तक्रार येते ती एकच, "भाऊ, फॉर्म जातच नही". आपल्या लॅपटॉपवर उघडावं तर तो मस्त चालतोय. मग आपण सांगतो कॅशे क्लिअर करा, नाहीतर दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. हे उत्तर मला अजिबात पटत नाही, कारण समोरच्याकडे एकच फोन असतो आणि उद्या पहाटे कटाईला माणसं येणार असतात. फॉर्म त्याच्याच फोनवर चालला पाहिजे.

म्हणून कोड उघडायच्या आधी त्याला नीट विचारायचं. बटण दाबल्यावर नेमकं काय होतं? त्याची चारच उत्तरं येतात. बटण दाबून काहीच होत नाही, म्हणजे बहुतेक स्क्रिप्टच मेलीये. लाल अक्षरात एरर येतो, म्हणजे व्हॅलिडेशन अडवतंय. गोल फिरत राहतं, म्हणजे नेट किंवा सर्व्हर. आणि चौथं सगळ्यात वाईट, फॉर्म गेला पण आत माहिती चुकीची पोचली. हे एवढं कळलं तरी अर्धा शोध संपतो. जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पाठवतात लोक, आणि लिंक कुठून उघडली तेही विचारा. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधून उघडली असेल तर तो खरा क्रोम नसतो, त्या अ‍ॅपच्या आतला ब्राउझर असतो, आणि अशा आतल्या ब्राउझरमध्ये फाइल निवडायची सोय अ‍ॅपवाल्याने स्वतः जोडावी लागते. ती नसेल तर "फोटो निवडा" दाबून काहीच होत नाही, एररसुद्धा नाही. तिथे "क्रोममध्ये उघडा" असं ठळक लिहून द्या, तुमच्या कोडमध्ये शोधत बसू नका.

किती ब्राउझरवर तपासायचं

डेस्कटॉपवर पाच आयकॉन लावून तपासलं म्हणजे झालं असं नाही, कारण आत इंजिनं, म्हणजे कोड वाचून पान दाखवणारा ब्राउझरचा गाभा, तीनच आहेत: ब्लिंक, वेबकिट आणि गेको. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे ब्लिंकवर, एजसुद्धा २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच मूळ कोडवर आलाय. फायरफॉक्स गेकोवर, सफारी वेबकिटवर. आणि आयफोनवर क्रोमचा आयकॉन असला तरी आत वेबकिटच असतं, २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये दुसऱ्या इंजिनला परवानगी मिळाली पण आपल्याकडे नाही. म्हणजे कुणी म्हणालं "आयफोनवर क्रोममध्ये पण तोच प्रॉब्लेम आहे" तर त्यातून नवीन काही कळत नाही, तो सफारीचाच प्रॉब्लेम आहे.

माझ्या मते चार गोष्टींवर तपासलं की इकडचं काम भागतं. एक साधा अँड्रॉइड फोन, एक आयफोन, एक फायरफॉक्स, आणि चौथा जो कुणी धरत नाही तो म्हणजे जुना क्रोम १०९. हा का, तर विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारा तो शेवटचा क्रोम, जानेवारी २०२३ चा. तालुक्याच्या सायबरवर, झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रावर विंडोज ७ चे डबे अजून चालू आहेत आणि शेतकऱ्याचा फॉर्म बऱ्याचदा तिथलाच मुलगा भरतो. त्याला "ब्राउझर अपडेट करा" सांगून उपयोग नाही, अपडेट तिथेच थांबलंय.

जुन्या ब्राउझरमध्ये तीन प्रकारच्या गोष्टी मोडतात आणि तिन्हीचा इलाज वेगळा आहे. सीएसएसमधलं न कळलेलं ब्राउझर सोडून देतो, दिसायला बिघडतं पण फॉर्म जातो. जावास्क्रिप्टचं एखादं नवीन फंक्शन नसेल तर ते पॉलिफिलने, म्हणजे तेच काम करणाऱ्या वरून जोडलेल्या कोडने, भरून काढता येतं. पण नवीन सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहिण्याची नवीन पद्धत, कळला नाही तर ती अख्खी फाइलच चालत नाही, एक ओळ नाही, अख्खी फाइल. याचं सगळ्यात छळणारं उदाहरण म्हणजे रेजेक्समधला (मजकूर जुळतो का ते बघणाऱ्या नमुन्यातला) लुकबिहाइंड, जो आधी काय आलंय ते मागे वळून बघतो. सफारीत तो १६.४ मध्ये, म्हणजे २०२३ ला आला. आयफोन ७ हा आयओएस १५ वरच थांबलाय, तर त्या फोनवर कोडमध्ये कुठेतरी कोपऱ्यात, रकमेत स्वल्पविराम टाकायला म्हणून वापरलेला एक लुकबिहाइंड असला तरी पूर्ण फॉर्म मुका होतो. आणि तो तुम्ही लिहिलेला नसतोच, कुठल्यातरी लायब्ररीतून आलेला असतो. बिल्ड टूलमध्ये टार्गेट जुनं ठेवलं तरी रेजेक्स आपोआप बदलून मिळत नाही, तो शोधून हातानेच काढावा लागतो.

एरर डोळ्यांनी बघा

अँड्रॉइड असेल तर सोपं आहे, फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा, लॅपटॉपच्या क्रोममधलं इन्स्पेक्ट पान उघडा, फोनमधला कन्सोल, म्हणजे एरर छापले जातात ती खिडकी, समोर दिसतो. आयफोनला मॅक लागतो आणि आपल्याकडे तो सगळ्यांकडे नसतो. तर मग पानावर इरुडा नावाची छोटी लायब्ररी फक्त टेस्टिंगच्या लिंकवर टाका, फोनच्या स्क्रीनवरच कन्सोल उघडतो. तेही नको असेल तर पानाच्या सगळ्यात वर, बाकी कुठल्याही स्क्रिप्टच्या आधी, वेगळ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये एरर पकडणारा कोड लिहा जो मेसेज आणि ओळ नंबर आपल्या सर्व्हरला पाठवेल. वेगळ्या स्क्रिप्टमध्ये का, तर मोठी फाइल सिंटॅक्सवर मेली तर तिच्या आत लिहिलेला पकडणारा कोडही तिच्यासोबत मरतो.

त्या लॉगमधल्या यूजर एजंटवर, म्हणजे ब्राउझर स्वतःची जी ओळख पाठवतो तिच्यावर, मात्र फार भरवसा ठेवू नका. क्रोम आता कुठल्याही अँड्रॉइड फोनसाठी "अँड्रॉइड १०, के" एवढंच सांगतो, मॉडेल सांगत नाही. ब्राउझरच्या मुख्य व्हर्जनचा आकडा खरा असतो, तेवढाच घ्या.

गट नंबरचा बॉक्स

हे जरा सविस्तर सांगतो कारण यात माणूस चक्रावून जातो. गट नंबर 123/2 असा येतो, म्हणून आपण बॉक्सला पॅटर्न (काय चाललं पाहिजे त्याचा रेजेक्स) लिहितो [0-9/]+ आणि ठेवून देतो. सायबरच्या जुन्या क्रोममध्ये तो नीट चालतो, कुणी "माहीत नाही" असं टाईप केलं की अडवतो. घरच्या नव्या क्रोममध्ये मात्र काहीही टाका, चालतं, अडवतच नाही. नेहमी जुनं मोडतं आणि नवं चालतं, इथे उलटं!

कारण असं की एचटीएमएलच्या पॅटर्नमधला रेजेक्स आधी यू फ्लॅगने (फ्लॅग म्हणजे रेजेक्स कुठल्या नियमांनी वाचायचा ती खूण) वाचला जायचा, २०२३ पासून नवे ब्राउझर तो व्ही फ्लॅगने वाचतात. व्ही फ्लॅगमध्ये चौकटी कंसाच्या आत काही चिन्हं मोकळी चालत नाहीत: तिरपी रेघ, डॅश, उभी रेघ, गोल कंस, महिरपी कंस. त्यामुळे वरचा पॅटर्न नव्या ब्राउझरला चुकीचा वाटतो, आणि पॅटर्न चुकीचा असला की नियम असा आहे की तो सोडूनच द्यायचा. भरणाऱ्याला काहीच सांगितलं जात नाही, फक्त कन्सोलमध्ये एक लाल ओळ पडते. इलाज एका चिन्हाचा, [0-9\/]+ असं लिहा, आणि डॅश हवा असेल तर [0-9\/\-]+ असं. हे जुन्यातही चालतं, नव्यातही. तुमच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये आज एकदा "पॅटर्न" शोधून बघा, कुठे ना कुठे मोकळा डॅश सापडेलच.

आकडे आणि नावं

मोबाईल, पिनकोड, आधार, खातं नंबर, यातलं काहीही टाइप नंबरच्या बॉक्समध्ये ठेवू नका. टाइप नंबर हा ज्याची बेरीज-वजाबाकी होते त्याच्यासाठी, म्हणजे किती क्विंटल, किती घड. खाते नंबर पुढे शून्याने सुरू झाला आणि स्क्रिप्टने त्याचा आकडा केला की शून्य गेला. मॅक्सलेंग्थ, म्हणजे जास्तीत जास्त किती अक्षरं याची मर्यादा, तिथे लागूच होत नाही. डेस्कटॉपवर माउसचं चाक फिरलं की आकडा बदलू शकतो, आणि ब्राउझरला आत लिहिलेलं आकडा वाटलं नाही तर बॉक्समध्ये दिसतंय सगळं पण तुमच्या स्क्रिप्टला व्हॅल्यू मिळते रिकामी, मग भरलेल्या बॉक्सवर "हे भरा" असा एरर येतो आणि माणूस वैतागतो. साधा टेक्स्ट ठेवा आणि इनपुटमोड न्यूमरिक द्या, फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड येतो.

फोनचा कीबोर्ड मराठी असेल तर लोक पिनकोड ४२५००१ असा टाकतात, 425001 असा नाही. दोन्ही बरोबरच आहे. पण जावास्क्रिप्टला अंक म्हणजे फक्त इंग्रजीच कळतात, पायथनला मात्र देवनागरीही चालतात, त्यामुळे पुढे अडतं आणि मागे चालतं असा घोळ होतो. त्याला अडवू नका, बदलून घ्या. देवनागरी शून्याचा युनिकोड नंबर २४०६ आहे आणि पुढचे नऊ ओळीने आहेत, प्रत्येक अक्षराच्या नंबरमधून २४०६ वजा केले की अंक हातात. हे फॉर्म पाठवताना करा आणि सर्व्हरवर पुन्हा करा.

आता नाव. "फक्त अक्षरं चालतील" म्हणून युनिकोडचा अक्षरवाला गट वापरला की "पाटील" नापास होतो! काना आणि वेलांटी हे युनिकोडमध्ये अक्षर नाहीत, मार्क आहेत, तो गट वेगळा जोडावा लागतो. अर्ध्या खान्देशचं आडनाव पाटील, आणि फॉर्म सांगतो की हे नाव चालत नाही. मॅक्सलेंग्थचंही तसंच, ती डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजत नाही, काना-मात्रा-पायमोडका सगळं वेगळं मोजते, मुक्ताईनगर आपल्याला सहा अक्षरी दिसतं पण तिथे दहा होतात. आणि सर्व्हरवर लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल तर प्रत्येकाचे तीन बाइट धरा.

बऱ्हाटे, कऱ्हाळे अशा आडनावांत अजून एक खोच आहे. तो अर्धा ऱ एका कीबोर्डवरून एका पद्धतीने येतो, दुसऱ्यावरून न दिसणारं जोडचिन्ह घेऊन येतो, दिसायला दोन्ही जवळपास सारखे, डेटाबेसला वेगळे. मग माणूस नोंदणी करून जातो आणि नंतर शोधला की सापडत नाही. नाव साठवताना एनएफसी नॉर्मलाइज करा (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं), पण त्याने ते जोडचिन्ह जात नाही, म्हणून शोधण्यासाठी एक वेगळा साफ केलेला कॉलम ठेवा. मूळ नाव जसं लिहिलं तसंच राहू द्या, ते त्याचं नाव आहे.

कीबोर्डवरून आठवलं, कीप्रेस पकडून "आकडे सोडून बाकी अडव" असला जुना कोड अँड्रॉइडवर चालत नाही, तिथला कीबोर्ड बहुतेक कळांना २२९ हा एकच कोड देतो. इनपुट इव्हेंट ऐका. आणि मराठी टायपिंग चालू असताना मध्येच व्हॅल्यू बदलू नका, शब्द अर्धवट असतो आणि अक्षरं दुबार उमटतात, कम्पोझिशन, म्हणजे कीबोर्डचं शब्द जुळवणं, संपू द्या मग काय ते करा.

तारीख

टाइप डेट आता सगळीकडे आहे, डेस्कटॉप सफारीत सगळ्यात उशिरा, २०२१ मध्ये आला. दिसताना तारीख ब्राउझरच्या भाषेप्रमाणे दिसते, सायबरवर क्रोम अमेरिकन इंग्रजीत असला की महिना आधी, पण आतली व्हॅल्यू नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच असते, म्हणून तिथे काही करू नका, जशी येते तशी पाठवा. गडबड होते ती तारखेचा ऑब्जेक्ट बनवला की. 05-03-2024 हे क्रोम ३ मे समजतो, सफारी अवैध म्हणतो, आणि आपल्याला हवा असतो ५ मार्च. आणि ऑब्जेक्टवरून परत आयएसओ तारीख काढली तर आपल्याकडची रात्री १२ म्हणजे यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) आदल्या दिवशीची संध्याकाळ ६:३०, तारीख एक दिवस मागे जाते. पीक विम्याच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात जन्मतारीख एक दिवस मागे गेली तर आधारशी जुळत नाही, त्या माणसाला नंतर किती हेलपाटे पडतात ते आपल्याला दिसत नाही. जन्मतारखेला मी तर तीन वेगळे बॉक्सच देतो, दिवस, महिन्याच्या नावाची यादी, वर्ष. टाइप मंथ वापरू नका, डेस्कटॉप फायरफॉक्स आणि सफारीत तो साधा टेक्स्ट बॉक्स होतो. एखादा टाइप ब्राउझरला येतो का हे तपासायचं असेल तर स्क्रिप्टने इनपुट बनवा, टाइप द्या, परत वाचा, "टेक्स्ट" मिळालं तर येत नाही. ब्राउझरचं नाव वाचून अंदाज बांधण्यापेक्षा हे पक्कं.

फोटो आणि कागदपत्रं

"मोबाईलवरून जात नाही, कॉम्प्युटरवरून जातं" असं ऐकलं की ब्राउझर सोडा, फाइलचा आकार बघा. फोनचा फोटो ३-४ एमबीचा सहज असतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर काही न बदलता १ एमबीच्या वर घेत नाही, पीएचपी एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण फॉर्मला ८ एमबी. या ८ ची मर्यादा ओलांडली तर पीएचपीला फॉर्ममधलं काहीच मिळत नाही, सगळं रिकामं. म्हणून सातबारा, पासबुक, आधार असे तीन फोटो जोडले की सर्व्हर म्हणतो "नाव भरा". नाव तर भरलेलं असतं! सर्व्हरची मर्यादा वाढवा, आणि पाठवायच्या आधी फोनवरच फोटो कॅनव्हासने लहान करा. धडगाव, अक्कलकुव्याकडे सातपुड्यात रेंज कशी येते जाते ते आपल्याला माहीत आहे, तिथे १० एमबी चढवायला लावणं बरोबर नाही.

आयफोन २०१७ पासून फोटो हेइक प्रकारात ठेवतो. फाइलच्या बॉक्सच्या अ‍ॅक्सेप्ट अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जेपेग स्पष्ट लिहिलं की गॅलरीतून निवडताना तो स्वतःच जेपेग करून देतो. कॅप्चर हा अ‍ॅट्रिब्यूट टाकू नका, अँड्रॉइडवर सरळ कॅमेराच उघडतो आणि गॅलरीत आधीच काढून ठेवलेला सातबारा निवडता येत नाही. अजून एक, कमी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की मागचा ब्राउझर फोन बंद करून टाकतो, परत आलं की फॉर्म कोरा. लिहिलेलं मधून मधून सेशन स्टोरेजमध्ये ठेवा, ते टॅब बंद केला की पुसलं जातं. लोकल स्टोरेजमध्ये नको, सायबरच्या कॉम्प्युटरवर एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल.

पैसे भरून परत आल्यावर लॉगआउट

हे क्रोममध्ये होतं, आयफोनवर होत नाही, आणि क्रोममध्येही कधी होतं कधी नाही. २०२० पासून क्रोम, ज्या कुकीवर (लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी नोंद) सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून येताना ती पाठवायची का ते, लिहिलेलं नाही तिला लॅक्स, म्हणजे मर्यादित, समजतो. पेमेंट गेटवे पोस्ट करून तुमच्या पानावर परत पाठवत असेल तर लॅक्स कुकी सोबत येत नाही. पण नुकत्याच बनलेल्या कुकीला क्रोम दोन मिनिटांची सूट देतो, म्हणून ज्याने यूपीआयने पटकन भरलं त्याचं नीट होतं आणि जो ओटीपीची वाट बघत बसला तो बाहेर फेकला जातो. सेमसाइट नन आणि सिक्युअर लावून भागतं, पण त्याहून बरं म्हणजे परतीच्या पानावर सेशनवर अवलंबूनच राहू नका, ऑर्डर नंबर आणि सही सर्व्हरवर पडताळा आणि मग साध्या गेट रिक्वेस्टने पुढच्या पानावर पाठवा. पैसे कटले आणि पावती नाही, असं कुणाचं होऊ देऊ नका.

बाकी छोटं-मोठं. आयफोनवर बॉक्सला हात लावला की पान मोठं होतं, अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान आहे, १६ करा. दोनदा सबमिट होऊ नये म्हणून बटण बंद करत असाल तर क्लिकवर नको, सबमिट इव्हेंटवर करा, आणि मागे आल्यावर ते बंदच राहतं कारण पान स्मृतीतून जसंच्या तसं परत येतं, पेजशो इव्हेंटमध्ये परत चालू करा. फायरफॉक्स तर रीलोड केल्यावरही बटण बंद होतं हे लक्षात ठेवतो, तिथे बटणाला ऑटोकम्प्लीट ऑफ द्या. आणि डबल एंट्री खरी थांबते ती सर्व्हरवर, प्रत्येक फॉर्मला एक वेगळा टोकन देऊन.

दुरुस्ती झाली की ज्याची तक्रार होती त्याच्याच फोनवर, त्याच लिंकवरून, त्याच्याच नेटवर पुन्हा भरून बघायला सांगा, आणि डेटाबेसमध्ये काय पोचलं ते तुम्ही उघडून बघा, "धन्यवाद" चं पान आलं एवढ्यावर थांबू नका. एरर लॉग तेवढ्यासाठी चालू ठेवला असेल तर त्यात बॉक्सचं नाव आणि एररचा प्रकार पुरे, आधार, ओटीपी, खाते नंबर यांची व्हॅल्यू लॉगमध्ये जाणार नाही हे आधी तपासा आणि काम झालं की इरुडावाली टेस्टिंग लिंक बंद करा.